शुक्रवार कोणाचा?

"ताई, ती सोडायचं म्हणतेय. आणि खरं सांगू का, मला आतून बरंच वाटलं."

ईशाच्या आईचा हा फोन. (नाव आणि इतर खुणा बदलल्या आहेत.) कुटुंब मूळचं चिंचवडचं, आता लंडनजवळ स्लाउला. ए-लेव्हल, म्हणजे तिथली बारावी, झाल्यावर ईशा ब्रिटिश सरकारच्या एका खात्यात अर्थशास्त्राची डिग्री अप्रेंटिस म्हणून लागली. तिथे गव्हर्नमेंट इकॉनॉमिक सर्व्हिस ही सरकारी अर्थतज्ज्ञांची फळी 1964 पासून आहे, ही योजना त्यांचीच. साधारण चार वर्षं पगारी नोकरी करायची आणि सोबत केंट विद्यापीठाची बी.एस्सी. फी विद्यार्थ्याच्या खिशातून जात नाही.

आई अडली होती ती शब्दाशी. "मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं की मी 'केंटला आहे' एवढंच सांगते. अप्रेंटिस म्हटलं की लोकांना फिटर-टर्नर आठवतो हो."

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी येतो: ही पदवी खरी का? खरी. सगळ्यांची असते तीच, तिथल्या भाषेत लेव्हल 6 ची. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. पण ईशाचा त्रास तो नव्हता, हे कळायला मला दोन भेटी लागल्या.

पहिल्या भेटीत ती फार बोललीच नाही. टीममधले बाकी सगळे पदवीधर, त्यातले दोघं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे. "मीटिंगमध्ये ते बोलतात आणि मी टिपणं काढते. मावशी, मी तिथे शोभतच नाही. नीट युनिव्हर्सिटीला जाते ना सगळ्यांसारखी."

मी आपली समुपदेशकाची हौस भागवली. दुसऱ्या भेटीला कागदावर दोन रकाने पाडून आणले. सोडलं तर काय, राहिलीस तर काय. इंग्लंडमधली 2025-26 ची फी वर्षाला 9,535 पाउंड, म्हणून तीन वर्षांचे 28,605. राहण्याखाण्याचं कर्ज वेगळं. परतफेड 25,000 पाउंडांच्या वरच्या कमाईवर 9 टक्के, 40 वर्षांपर्यंत. खाली ठळक बेरीज.

तिने कागद पाहिला आणि हसली. पहिल्यांदाच. "तुम्ही डिस्काउंटच नाही केलंय."

मग तिने माझंच पेन घेतलं. ट्रेझरीचं, म्हणजे तिथल्या अर्थखात्याचं, ग्रीन बुक असतं, सरकारने पैसा खर्चावा की नाही हे त्याच्या आधारे तपासतात. त्यात पुढच्या वर्षांचा फायदा दरसाल साडेतीन टक्क्यांनी कमी धरतात. "म्हणजे दहा वर्षांनी येणारे 100 पाउंड आजचे साधारण 71. ही टक्केवारी सरकारी कामाची हां, घरच्या कर्जाला तशीच नाही लावायची. पण चाळीस वर्षांतले हप्ते तुम्ही आजच्या पैशात कसे मिळवले?" पुढे दहा मिनिटं ती मला एका बसमार्गाचा हिशेब सांगत होती. प्रवाशांची वाचलेली मिनिटं पाउंडांत कशी मोजतात, कोणता आकडा फुगवला जाण्याचा संभव असतो, आणि तो तिला कसा सापडला.

मी विचारलं, "हे मीटिंगमध्ये सांगितलंस?"

"नाही. मेल केला. एकाला."

आपल्याला काही येत नाही असं सांगणारी ही मुलगी! मग हिला थकवतंय काय? मी तिला मागच्या चार आठवड्यांचं कॅलेंडर उघडायला लावलं. शुक्रवार तिचा अभ्यासाचा दिवस. अप्रेंटिसशिपमध्ये शिकण्याचा वेळ कामाच्या पगारी तासांतूनच द्यायचा असतो, ती मेहरबानी नसते. चारांपैकी तीन शुक्रवारांवर कोणीतरी 'अर्जंट' म्हणून काम टाकलेलं होतं आणि तिने 'हो' म्हटलेलं. मग स्टॅटिस्टिक्स रविवारी रात्री बारा वाजता. पेपर गेला होता. तो घरी कोणाला सांगितला नव्हता.

तिसऱ्या भेटीला आईवडील दोघं आले. बाबा तोवर एका शब्दाने बोलले नव्हते. पेपर गेल्याचं ईशाने सांगितलं, आईने डोळ्याला पदर लावला आणि बाबांनी विचारलं, "शुक्रवार तू दिलेस कशाला?"

मग ते जे बोलले ते बायकोला माहीत होतं, मुलीला नव्हतं. आयटीआय झाल्यावर पिंपरीच्या एका कारखान्यात ते टर्नर अप्रेंटिस होते. डिप्लोमा, डिग्री सगळं त्यानंतरचं. "आम्हाला शिकाऊ म्हणायचे. झाडू मार म्हटलं, मारला. चहा आण म्हटलं, आणला. पण लेथवरचे माझे तास मी कोणाला दिले नाहीत. तेवढ्यासाठीच तर गेलो होतो."

ईशा त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही अप्रेंटिस होतात?"

मला वाटतं, माझ्या दोन रकान्यांपेक्षा हे एक वाक्य तिच्या जास्त कामी आलं. मी फक्त मॅनेजरशी काय बोलायचं याची तालीम करून घेतली. तक्रारीचा सूर नको, चार आठवड्यांची नोंद समोर ठेवायची आणि शुक्रवार परत मागायचा. पहिल्या तालमीत तिने तीनदा 'सॉरी' म्हटलं. चौथ्या तालमीत एकदा.

सोडायचा निर्णय तिने उन्हाळ्यापर्यंत पुढे ढकलला. ढकललाच, रद्द नाही केला, आणि सोडू नकोस असंही मी म्हटलं नाही. कॅम्पसवरचं आयुष्य हुकलं ही तिची खंत खरी आहे आणि तिला हिशेबात बसवता येत नाही.

मागच्या महिन्यात आईचा मेसेज आला. शुक्रवार बहुतेक मिळतात. राहिलेला पेपर सुटला, 44 मार्क. मीटिंगमध्ये अजून गप्पच असते म्हणे. आणि गणपतीत काय सांगायचं ते आईचं काही ठरलेलं नाही. सध्या 'केंटला आहे' हेच चालू आहे.