गुड फ्रायडेची दुपार आणि २२ टनांचा हिशेब

वाचक विचारतात : वास्तू आणि यंत्रे

प्रश्न : सप्रेम सलाम. भायखळ्याच्या एका मराठी मंडळीच्या पंचकमिटीचा मी सदस्य आहे. आमचे चर्च एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे, जाड दगडी भिंतींचे असून पालिकेच्या वारसा यादीत दोन-ब श्रेणीत आहे. उपासनागृह ८० फूट लांब आणि ४५ फूट रुंद आहे. वर मंगलोरी कौले व त्याखाली सागवानी तक्तपोशी असून आढ्यापाशी उंची ३४ फूट भरते. २००४ साली येथे ११ टनांची दोन डक्टेबल (डक्टमधून, म्हणजे पत्र्याच्या नळातून, गार हवा सोडणारी) एसी यंत्रे बसवण्यात आली आणि त्या वेळी दोन्ही बाजूंच्या झिलमिलीच्या खिडक्या प्लायवूड ठोकून बंद करण्यात आल्या. गेली चार वर्षे दर मार्चमध्ये यंत्रांत आर-२२ हा थंडाव्याचा गॅस भरावा लागतो. पावसाळ्यात डावीकडच्या तिसऱ्या बाकावर पाणी ठिबकते. पुढे गायकवृंद कुडकुडत असतो, तर शेवटच्या बाकांवरच्या भगिनी उपासनापत्रिकेने वारा घेत असतात. साध्या रविवारी १५० ते १८०, गुड फ्रायडेला २५० आणि नाताळला ४०० लोक येतात.

तीन दरपत्रके आली आहेत : २२ टनांची इन्व्हर्टर डक्टेबल यंत्रे ११.५ लाख रुपये, २८ टनांची व्हीआरएफ यंत्रणा (बाहेरच्या एका युनिटाला आतली अनेक युनिटे जोडलेली) १९ लाख रुपये आणि दोन टनांचे ११ स्प्लिट ७.५ लाख रुपये. व्हीआरएफवाल्यांचे म्हणणे असे की, वीजबिलातून जादा पैसे तीन वर्षांत वसूल होतील. पैसा मंडळीच्या वर्गणीतून उभा राहणार असल्यामुळे चूक परवडणार नाही. आपण काय सुचवाल?

उत्तर : आपण पाठवलेल्या तिन्ही दरपत्रकांत यंत्रांची चित्रे आहेत, वॉरंटीची वर्षे आहेत, पण उष्णताभाराचा तक्ता एकातही नाही. सभागृहात किती माणसे, कोणत्या महिन्यात, किती वाजता बसणार आणि त्या वेळी छतातून, भिंतींतून व बाहेरच्या हवेतून किती उष्णता आत येणार, हे मांडल्याशिवाय सांगितलेला टनांचा आकडा हा अंदाजच असतो. म्हणून दरांची तुलना करण्याआधी तिघांकडूनही हा तक्ता लेखी मागवावा. जो देणार नाही, त्याचे दरपत्रक बाजूला ठेवावे.

तोवर आपण ढोबळ हिशेब करून पाहू. पहिला मुद्दा असा की, यंत्रणा कोणत्या दिवसासाठी घ्यायची? बहुतेक कमिट्या नाताळची गर्दी डोळ्यांपुढे ठेवतात, आणि २८ टनांचा आकडा बहुधा तेथूनच आला असावा. पण नाताळ डिसेंबरात येतो. मुंबईत त्या दिवसांत रात्रीची हवा गार आणि त्यातल्या त्यात कोरडी असते, आणि दारे-खिडक्या उघडता आल्या तर ४०० माणसांनाही पंख्यांवर भागते. आपली खरी परीक्षा गुड फ्रायडेला असते. दुपारी १२ ते ३, मार्च-एप्रिलचे ऊन, तापलेली कौले आणि क्रुसावरील सात उद्गारांवर मनन करत तीन तास एका जागी बसलेली २५० माणसे. यंत्रणेचे माप या दुपारवरून काढावे.

शांत बसलेल्या एका माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते. २५० माणसांची २५ किलोवॅट, म्हणजे सुमारे सात टन (एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट) झाली. छत, भिंती, दिवे आणि पंखे यांचे त्या वेळचे सहा टन धरू. उरली ताजी हवा, आणि आपल्या चर्चच्या बाबतीत हीच बाब गेली वीस वर्षे हिशेबातून निसटलेली आहे. खिडक्यांवर प्लायवूड बसल्यापासून आत येणारी हवा केवळ दार उघडेल तेवढीच. बंद सभागृहात दीड तासात कार्बन डायऑक्साइड साचत जातो, डोके जड होते, डोळे मिटू लागतात. प्रवचनातील डुलक्यांचे सारे खापर पाळकसाहेबांच्या माथी फोडणे न्याय्य नाही. २५० माणसांना आणि एवढ्या क्षेत्रफळाला पुरेल इतकी बाहेरची हवा आत घेतली, तर मुंबईच्या उन्हाळ्यात ती थंड आणि कोरडी करण्यास साडेआठ टनांच्या आसपास शक्ती लागते, म्हणजे माणसांच्या अंगच्या उष्णतेपेक्षाही जास्त. सगळे मिळून साडेएकवीस टन होतात.

म्हणजे २२ टन हा आकडा बरोबर आहे, पण ताजी हवा घेतली तरच. जुनी यंत्रे ताजी हवा न घेता चालत होती, म्हणून ती कामाच्या मानाने मोठी पडत होती. मोठे यंत्र हवा झटपट गार करते, थर्मोस्टॅट काँप्रेसर बंद करतो, आणि हवेतील दमटपणा काढायला यंत्राला वेळच मिळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे गारवा असूनही अंग चिकट वाटत असेल आणि गीतांच्या पुस्तकांची पाने फुगत असतील, तर त्याचे कारण हेच. २८ टन घेतल्यास हा दोष वाढेल.

आता वीजबिलाचा दावा तपासू. २००४ची यंत्रे टनामागे सुमारे दीड किलोवॅट घेत असतील, तर २२ टनांना ३३ किलोवॅट लागतात. ती आठवड्याला पाच तास चालतात असे धरले, तर वर्षाला २६० तास आणि ८,५८० युनिट होतात. नव्या यंत्रांनी यात ३० टक्के बचत केली, तर वाचणारे युनिट २,६०० च्या जवळ जातात. युनिटला १२ रुपये धरले तरी ही रक्कम वर्षाला ३१ हजारांच्या आसपास राहते. ही सगळी बचत आहे, व्हीआरएफची जादा बचत नव्हे. व्हीआरएफ आणि डक्टेबल यांच्या दरातील फरक साडेसात लाखांचा आहे. सबंध ३१ हजार त्या एकट्या फरकात जमा केले, तरी तो फिटायला २४ वर्षे लागतील. रोज बारा तास चालणाऱ्या कार्यालयात असा दावा खरा ठरू शकतो, पण जेथे यंत्र आठवड्यातून पाच तास चालते तेथे स्टार मोजत बसण्यात फारसा अर्थ नाही. आपला पैसा योग्य मापावर, हवेच्या वाटणीवर आणि दुरुस्तीच्या सोयीवर खर्च व्हावा.

अकरा स्प्लिटचा पर्याय स्वस्त आहे आणि एक बंद पडला तरी दहा चालू राहतात, हा त्याचा खरा गुण आहे. पण स्प्लिट तीच ती हवा फिरवतो, ताजी हवा घेत नाही. शिवाय दगडी भिंतीत अकरा ठिकाणी भोके पडणार, अकरा निचऱ्याच्या नळ्या लोंबणार आणि आवारात अकरा आऊटडोअर युनिटे दाटणार. वारसा यादीतील इमारतीला हे शोभणारे नाही.

माझी शिफारस अशी : ११ टनांच्या दोन यंत्रांऐवजी साडेपाच टनांची चार डक्टेबल यंत्रे घ्यावीत आणि प्रत्येकाला ताज्या हवेची स्वतंत्र झडप असावी. बाजारात हे माप सहज मिळते. गुड फ्रायडेला आणि मे महिन्यातील लग्नांना चारही चालतील. साध्या रविवारी सकाळी १८० माणसांना तीन पुरतात. बुधवारच्या प्रार्थनासभेसाठी तीस माणसांपायी उपासनागृह थंड करू नये. वेस्ट्रीत (पाळकांच्या तयारीच्या खोलीत) दीड टनाचा एक स्प्लिट बसवून ती सभा तेथे घ्यावी. एखादे यंत्र ऐन रविवारी रुसले, तर आज निम्मा गारवा जातो. चार असतील तर पाव जाईल.

दगडी भिंती तापायलाही वेळ घेतात आणि निवायलाही. म्हणून उपासनेआधी तासभर यंत्रे सुरू करावीत आणि लोक येईपर्यंत ताज्या हवेच्या झडपा मिटलेल्या ठेवाव्यात. हे काम सेवकाला एकदा नीट दाखवून द्यावे, नाहीतर झडपा वर्षभर आहेत तशाच राहतात.

चौतीस फुटांपर्यंतची सगळी हवा थंड करण्याचे कारण नाही. माणसे खालच्या सहा फुटांत असतात. गार हवा जड असते. ती दहा-बारा फुटांवरून भिंतीच्या बाजूने सोडली आणि परतीची जाळी खाली ठेवली, तर वर गरम थर तसाच तरंगत राहतो आणि कोणाला त्रास देत नाही. मात्र लांब दांड्यांचे छताचे पंखे एसीबरोबर चालवले, तर ते हाच थर ढवळून खाली आणतात. एसी चालू असताना भिंतीवरचे पंखे वापरावेत. ते असतील तर थर्मोस्टॅट २६ अंशांवर ठेवूनही लोक तक्रार करत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

गायकवृंदाची थंडी आणि मागच्या भगिनींचा उकाडा हा यंत्राचा दोष नसून डक्टचा आहे. यंत्राजवळची तोंडे आधी हवा पळवतात आणि शेवटच्या तोंडाशी काही उरत नाही. एका रविवारी प्रत्येक जाळीला टिश्यू कागदाची बोटभर पट्टी चिकटवून पाहावी. उपनगरातील एका चर्चमध्ये मी असे केले, तेव्हा पहिल्या जाळीची पट्टी आडवी फडफडत होती आणि शेवटची सरळ खाली लोंबत होती. शोध घेतला तेव्हा परतीच्या जाळीपुढे गीतांच्या पुस्तकांचे लोखंडी कपाट उभे असल्याचे आढळले. कपाट हलवल्यावर निम्मी तक्रार मिटली. उरलेली डक्टमधील झडपा जुळवून मिटली. नव्या यंत्राच्या खर्चात ही जुळवणी आणि प्रत्येक तोंडाच्या हवेची लेखी मोजणी धरलेली असावी.

तिसऱ्या बाकावरचे पाणी छतातून येत नसावे. पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाखाली हवेतील बाष्पाचे पाणी होते तो) २५ अंशांच्या आसपास असतो, तर डक्टमधील हवा १३-१४ अंशांची; त्या जागी वेष्टण फाटले असेल तर पत्र्याला घाम फुटणारच. जुना डक्ट ठेवायचा असेल, तर तो आतून उघडून गंज आणि बुरशी पाहावी आणि नवे नायट्रिल रबराचे वेष्टण घालावे. ‘डक्ट आहे तसाच वापरू’ असे दरपत्रकात एका ओळीत लिहिलेले असल्यास ती ओळ मान्य करू नये.

गॅसबद्दल थोडे. बंद यंत्रणेत गॅस संपत नसतो, तो गळतो. दर मार्चमध्ये भरणे म्हणजे चार वर्षे गळती न शोधता पैसे देणे. आर-२२ ओझोनच्या थराला हानी पोहोचवतो. मॉन्ट्रियल करारानुसार २०३० पर्यंत तो व्यवहारातून जवळपास हद्दपार होणार असल्यामुळे महाग होत जाईल. भारतात १ जानेवारी २०२५ पासून या गॅसची नवी यंत्रे बनवण्यास मनाई आहे, म्हणून कोणी ‘जुना साठा आहे, स्वस्तात देतो’ म्हटले तर मोहात पडू नये. नव्या यंत्रांत आर-३२ किंवा आर-४१०ए असतो. यांचा दाब आर-२२ च्या सुमारे दीडपट असतो, त्यामुळे ते जुन्या यंत्रात भरता येत नाहीत, आणि जुन्या तांब्याच्या नळ्याही नव्या यंत्राला जोडू नयेत. आर-३२ किंचित ज्वलनशील आहे. योग्य ठिकाणी बसवला तर भीती नाही, पण जोडणी प्रशिक्षित माणसाकडूनच व्हावी.

आऊटडोअर युनिटे दर्शनी बाजूस किंवा घंटाघराच्या पायथ्याशी ठेवू नयेत. मागच्या आवारात, चौथऱ्यावर, रबरी पॅडवर ठेवावीत. वारसा यादीमुळे दर्शनी भागात किंवा दगडी कामात बदल होणार असेल, तर आधी पालिकेकडे आराखडा द्यावा लागेल आणि प्रकरण वारसा संवर्धन समितीकडे जाऊ शकते. त्यासाठी लागणारा वेळ धरूनच कामाची तारीख ठरवावी. खाऱ्या हवेमुळे कॉइलवर गंजरोधक लेप मागावा. मंजूर वीजभार किती आहे हे बिलावर पाहावे. नवा भार जुन्याच्या आत बसत असेल तर वाढ मागण्याची गरज नाही. प्रार्थनास्थळांना घरगुती वर्गवारीचा दर मिळतो, परंतु भाड्याने दिलेल्या हॉलला व्यावसायिक दर लागतो. आपला हॉल लग्नांसाठी भाड्याने जात असेल तर दोन्ही मीटर वेगळे आहेत ना, हेही तपासावे. एसीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा दरपत्रकांत कोणता दर लावला आहे तो पाहावा.

आणि ते प्लायवूड काढा. सगळे नको, दोन्ही बाजूंच्या निम्म्या खिडक्यांचे पुरे. झिलमिल दुरुस्त करून आतून बिजागरीची काचेची झडप बसवली, तर एसी चालताना ती मिटता येईल आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उघडता येईल. ज्यांनी ही इमारत बांधली, त्यांनी उंच आढे आणि समोरासमोरच्या खिडक्या शोभेसाठी ठेवलेल्या नव्हत्या.

प्रश्न : आमच्या चर्चमधील जुनी एसी यंत्रे उतरवायची आहेत. भंगारवाला तांब्याचे चांगले पैसे देतो आणि स्वतःच उतरवून नेतो म्हणतो. द्यावीत का? – एक विश्वस्त, मालाड

उत्तर : तशी देऊ नयेत. भंगारवाला नळी कापतो आणि यंत्रातील सगळा गॅस फुस्सकन हवेत सोडतो. शिवाय काँप्रेसरचे तेल आवारात सांडते. नवे यंत्र बसवणाऱ्या कंत्राटदारालाच गॅस सिलिंडरमध्ये उतरवून घेण्याची अट घालावी आणि किती किलो उतरला ते पावतीवर लिहून घ्यावे. त्यानंतर यंत्रे ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे द्यावीत. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत एसीचा समावेश आहे. तांब्याची किंमत तेथेही मिळते, थोडी कमी मिळेल. ती रक्कम विश्वस्तांच्या वहीत भंगारविक्री म्हणून वेगळी दाखवावी, कारण लेखापरीक्षक जुन्या यंत्रांची नोंद पाहून ती कोठे गेली हे विचारणारच.