बाहेरच्या दिव्याच्या बटणावरच आणखी तीन दिवे जोडायचे आहेत. बटणाला लोड झेपेल का आणि वायर कुठून घ्यावी?

तुमचे प्रश्न दोन आहेत. दाराबाहेरच्या दिव्याचं बटण आत आहे आणि अंगणाच्या भिंतीवरचे तीन नवे दिवे त्याच बटणावर लागायला हवेत. तर बटण टिकेल का, आणि वायर बोर्डातून ओढायची की जुन्या दिव्यापासून? मी वायरिंगचीच कामं करतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत संपतं, दुसऱ्याला जरा वेळ लागेल. आणि जे तुम्ही विचारलंच नाही, म्हणजे पाणी, त्याला सगळ्यात जास्त.

लोडची काळजी सोडा. ९ वॅटचे चार एलईडी म्हणजे ३६ वॅट. २३० व्होल्टवर हा करंट जेमतेम ०.१६ अँपिअर होतो आणि घरातलं साधं बटण ६ अँपिअरचं असतं. हॅलोजन होते तेव्हा ही शंका रास्त होती, ५०० वॅटचा एकच दिवा दोन अँपिअरच्या वर ओढायचा. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला हवा तसा करंट पुरवणारं सर्किट, चालू होताना क्षणभर मोठा करंट घेतो, त्यामुळे एकाच बटणावर वीस-पंचवीस फिटिंग टाकली तर बटणाचे पॉइंट चिकटू शकतात. चार दिव्यांना त्याचं काही नाही.

वायर जुन्या दिव्यापासून घ्या. तिथे बटणातून आलेला फेज (करंट आणणारी वायर) आणि त्याच सर्किटचा न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर), दोन्ही आयते हाताशी असतात. बटणाच्या डब्यात न्यूट्रल असेलच असं नाही, आणि असला तरी तो याच सर्किटचा आहे हे बघून कळत नाही. दिवा दोन ठिकाणांहून लागणारा असेल, म्हणजे टू-वे बटणं असतील, तर बोर्डात हात घालूच नका. दिव्याच्या टोकाला त्या भानगडीचा काही संबंध राहत नाही.

‘जवळच सॉकेट आहे, न्यूट्रल तिथूनच घेऊ’ हा विचार मात्र मनातून काढून टाका. दिवे लागतील, काम झाल्यासारखं वाटेल. पण ती दोन सर्किटं वेगवेगळ्या आरसीसीबीवर, म्हणजे करंटची गळती दिसताच सप्लाय तोडणाऱ्या स्विचवर, असतील तर नव्या तीन दिव्यांचे ०.१२ अँपिअर, म्हणजे १२० मिलिअँपिअर, एका आरसीसीबीतून जाऊन दुसऱ्यातून परत येतात. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला ती गळतीच वाटते आणि बटण दाबताक्षणी घरात अंधार. सगळ्या घराला एकच आरसीसीबी असेल तर ती पडणार नाही, आणि ते जास्त वाईट. उद्या कुणी सॉकेटचं एमसीबी (मेन बोर्डातला त्या सर्किटचा स्विच) पाडून तिथला न्यूट्रल सुटा केला, तर लागलेल्या दिव्यांतून फिरून आलेला पूर्ण व्होल्टेज त्या वायरीच्या टोकावर उभा असतो. एमसीबी तर पाडलंय, मग शॉक कुठून बसला, हे त्या माणसाला कळणारसुद्धा नाही.

आता प्रत्यक्ष काम. एमसीबी पाडा, नाहीतर मेनच बंद करा. मल्टिमीटर आधी चालू असलेल्या सॉकेटवर तपासा, मग दिव्याच्या वायरींवर लावा, मग पुन्हा त्याच सॉकेटवर. मीटरच बिघडलेला असेल तर तोही शून्यच दाखवतो. टेस्टरच्या मिणमिणत्या दिव्यावर विसंबू नका. शेजारच्या वायरीमुळेही तो पेटतो, आणि कधी खरा फेज असूनही पेटत नाही. दिवा काढल्यावर दोनपेक्षा जास्त वायरी दिसल्या तर त्यातली एखादी कायम चालू असलेला फेज पुढे नेणारी असू शकते. टोकं सुटी करा, कशाला लागणार नाहीत अशी ठेवा, मग सप्लाय देऊन बटण चालू-बंद करत मीटरने बघा: बटणाबरोबर येते-जाते ती आपली वायर. रंगावर जाऊ नका, जुन्या घरात तर मुळीच नाही. एवढं करताना हात कचरत असेल, किंवा तुमच्याकडे हे काम परवानाधारकानेच करायचा नियम असेल, तर पाइप आणि फिटिंग स्वतः बसवा आणि जोडणी त्याच्याकडून करून घ्या.

जोडणी पॅरलल. फेजला फेज, न्यूट्रलला न्यूट्रल, अर्थला अर्थ, असं एका दिव्यावरून पुढच्या दिव्यावर. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तीन कोअर केबल पुरून उरते. धातूच्या फिटिंगला अर्थ हवाच. फिटिंगवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्या दिव्याला अर्थ लागत नाही, पण वायर तरी पुढे न्या. उद्या दिवा बदलाल.

बाहेरचे दिवे लोडमुळे जात नाहीत, पाण्यामुळे जातात. फिटिंग आयपी ६५ ची, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न येऊ देणारी, घेतली आणि केबल वरून घुसवली, तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. केबल खालून आत घ्या, ग्लँड (केबलभोवती आवळायचं बूच) नीट आवळा, आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या. केबलवरून वाहत आलेलं पाणी त्या झोलाच्या तळाशी गळून पडतं. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. सिलिकॉन वरून आणि दोन्ही बाजूंनी लावा, खालची कड मोकळी ठेवा. चारही बाजू बंद केल्या की मागे शिरलेलं पाणी तिथेच कोंडतं. असं फिटिंग उघडलं की टर्मिनलवर हिरवी बुरशी आल्यासारखं दिसतं, तो गंजलेला तांबा असतो. वायर पिळून टेप मारलेला जॉइंट बाहेर अजिबात नको. वॉटरप्रूफ जंक्शन बॉक्स आणि आत कनेक्टर.

कुणी १२ व्होल्टचे गार्डन लाइट सुचवतील. शॉकच्या दृष्टीने ते बरे, आणि त्यांचा ड्रायव्हर याच बटणावर चालतो. पण तेच ३६ वॅट १२ व्होल्टवर ३ अँपिअर होतात. २० मीटरवर १ चौरस मिलिमीटरची वायर नेली तर जाण्या-येण्यात दोनेक व्होल्ट वाटेतच जातात आणि शेवटचे दिवे मलूल दिसतात. अंतर जास्त असेल तर २४ व्होल्टचे घ्या किंवा वायर जाड टाका.

सेन्सरवाला दिवा या बटणावर लावलात तर बटण चालू असेपर्यंतच तो काम करेल. आणि बटण बंद करूनही दिवे रात्री मंद पेटत राहिले, तर आधी बघा बटण फेजमध्येच आहे ना. न्यूट्रलमध्ये असेल तर ते ताबडतोब बदला, कारण बंद दिव्यातही फेज उभा आहे. फेजमध्ये असेल तर बटणात छोटा इंडिकेटर आहे का बघा. त्यातून झिरपणारा करंटही एलईडीला पुरतो, साधं बटण बसवलं की थांबतं.