आवडत्या पुस्तकावर काढलेला पिक्चर बघायच्या आधीच पोटात गोळा?

अरे येणारच, पुस्तक तीनदा वाचलंयस तू. २०१२ ला ‘हॉबिट’च्या वेळी माझंही हेच झालेलं. १९३७ चं एवढंसं पुस्तक, लहान मुलांसाठी लिहिलेलं, आणि त्याचे तीन पिक्चर काढणार म्हटल्यावर डोकंच सटकलं, तरी गेलोच. हिरो बिल्बो नि अंधारातल्या त्या गॉलमची एकमेकांना कोडी घालणं सुरू झालं नि अंगावर काटा आला, मग पुढच्या वर्षी दुसऱ्या भागात पुस्तकात नसलेली टॉरिएल दिसल्यावर नुसती चिडचिड.

माझी खरी चूक काय तर जायच्या आदल्या आठवड्यात पुस्तक परत वाचलं, मग काय, थेटरात बसून ‘हे गाळलं, ते बदललं’ हिशोबच करत बसलो. तू ते करू नको. गाळणार तर पिक्चरवाले आहेतच, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्स’च्या २००१ च्या पिक्चरमधून पुस्तकातलं टॉम बॉम्बाडिल हे पात्र अख्खं उडवलं, मला तरी नाही खटकलं (कट्टर लोक मारतील मला).

ट्रेलर एकदाच बघ, बास. आणि पुस्तक न वाचलेला एक दोस्त सोबत घे, त्याला मजा येतेय का बघ. फक्त कानात कुजबुजत त्याला स्टोरी सांगू नकोस, प्लीज. गंगापूर रोडला सकाळचा शो मिळाला तर बघ, सुटल्यावर मिसळ खात भांडायला मी येतो.