५८ हजार युरोचे १६ लाख का ५२ लाख?

भावा, तू विचारलंयस की म्युनिकची ५८ हजार युरोची ऑफर आलीय, ९० चा दर धरला तर ५२ लाख होतात पण पीपीपी (कुठल्या देशात पैशात किती येतं ते धरून काढलेला दर) कॅल्क्युलेटर १६ लाखच दाखवतोय, शिरोली एमआयडीसीत आत्ता ९ लाख मिळतात, तर बायको-पोरीला घेऊन जावं का. व्हिसा, ब्लू कार्ड (शिकलेल्या लोकांचा युरोपातला काम-परवाना), कागदांची यादी हे सगळं सरकारी वेबसाईटवर आहे, ते सांगत बसत नाही. पण तुझा प्रश्न वाचून काल रात्री झोप आली नाही, कारण नऊ वर्षांमागं जर्मनीला निघायच्या आधी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरात बसून मी हाच गुणाकार केला होता.

आधी आकड्याचं बघू. २०१७ च्या किमतींच्या जागतिक मोजणीत डॉलरचा बाजारातला दर होता ६५ रुपये आणि आपला पीपीपी दर निघाला २०.६५, म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं ते आपल्याकडं साधारण २१ रुपयात. युरोचा हिशोबही असाच. हा फरक लॅपटॉप, मोबाईल, विमानाच्या तिकिटात नाही, ते सगळीकडं जवळपास जगाच्याच भावानं घ्यावं लागतं. फरक आहे तो माणसाच्या कष्टाच्या किमतीत. राजारामपुरीत शंभर रुपयात केस कापून वर डोक्याला मालिश व्हायची, इकडं ३० युरो. म्हणून आल्यापासून बायकोच कापते, स्वयंपाकघरात खाली पेपर अंथरून, कानामागं मशीन लागलं की मी ओरडतो. आणि तिकडं सगळं स्वस्त होतं ते आमच्याकडं भांड्याला येणाऱ्या मावशींना पगार कमी होता म्हणून, हे मला इकडं स्वतः भांडी घासताना कळलं.

आता तुझ्या कामाचं. पीपीपीचे दोन आकडे मिळतात, एक अख्ख्या जीडीपीचा, ज्यात सरकारी खर्च, कारखान्यांची यंत्रं सगळं येतं, आणि एक नुसत्या घरखर्चाचा. तू घरखर्चाचा घे. आणि ५८ हजाराला गुणू नको, कर, पेन्शन, आरोग्यविमा कापून हातात येईल त्याला गुण. शिवाय आकडा अख्ख्या देशाचा असतो, म्युनिकचं घरभाडं जर्मनीच्या सरासरीत बसत नाही आणि कोल्हापूर म्हणजे काय मुंबई नाही, त्यामुळं तुझे १६ अजून खाली येतील. पण जे शिल्लक टाकून घरी पाठवशील ते मात्र बाजारातल्याच दरानं पोचतं. १६ का ५२ याचं उत्तर हे आहे, खर्च करशील तेवढ्याला १६ चा हिशोब आणि पाठवशील तेवढ्याला ५२ चा. आमचं कोल्हापुरातलं घराचं कर्ज चार वर्षांत फिटलं ते यामुळंच, ते मी नाकारत नाही.

एकटेपणाचं लोक लय सांगतात. पहिला हिवाळा जड जातो, दुसऱ्याला सवय होते, बास.

मला खुपतंय ते वेगळंच आहे. सरकारी शिक्षणाला बाजारभाव नसतो, म्हणून या मोजणीत बऱ्याच देशांचं शिक्षण तिथल्या कर्मचाऱ्यांच्या पगारावरनं धरतात. इकडं शाळा फुकट, शिक्षकांना पगार चांगला, म्हणजे माझ्या एक्सेलमध्ये तो नुसता फायदाच होता. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीतच ठरतं पोर कुठल्या शाळेत जाणार, जर्मन, गणित आणि परिसरासारखा एक विषय, तिन्हींची सरासरी २.३३ किंवा त्याच्या आत पाहिजे तर गिम्नॅझियम, म्हणजे विद्यापीठाकडं नेणारी शाळा. इथं १ म्हणजे सगळ्यात चांगला मार्क. माझी पोरगी तिसरीच्या मध्यात आली, चौथीत गणितात १, जर्मनमध्ये ४, तिसरा विषयही जर्मनमधूनच त्यात ३, सरासरी २.६६. बाई म्हणाल्या "तिला झेपेल तिथंच पाठवूया". भाषा शिकायला एक वर्ष मागितलं तर कागद पुढं सरकवला सहीसाठी, आणि मी सही केली कारण त्या कागदावरचं निम्मं मला कळलंच नव्हतं. पुढं बदलता येतं म्हणतात, येतंही, पण ती त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "पप्पा, मी हुशार नाही का?" कोल्हापुरात वर्गात पहिली यायची.

त्याच उन्हाळ्यात इकडं राहायचं परमिट संपलं, ते वाढवून देणाऱ्या सरकारी ऑफिसची अपॉइंटमेंट मिळेना, गेलो तर परत येता येईल का याचा कागद हातात नाही, आणि तिकडं बाबा आयसीयूत. सात आठवडे रोज सकाळी तेच पान उघडून बसायचो. पोचलो तेव्हा दहावा दिवस होता, पंचगंगेवर.

तुझी पोरगी कितवीत आहे ते लिहिलं नाहीस. पहिलीच्या आत असेल तर एक बोलू, तिसरीत असेल तर वेगळं बोलू. आधी तेवढं सांग.