ज्युनिपर पिवळे पडत असल्यास

आपल्या ज्युनिपरची (कुंडीत बोन्साय म्हणून वाढवल्या जाणाऱ्या सदाहरित सूचिपर्णी झाडाची) केवळ आतली, जुनी पाने पिवळी पडत असतील, तर घाबरू नका. सावलीत गेलेली पाने झाड स्वतःहून टाकते. फांद्यांची टोके फिकटत असतील, तर मात्र खत देण्याची किंवा कुंडी बदलण्याची घाई न करता मातीत २-३ सेंटिमीटर खोल बोट घालून पाहा, कारण नवशिक्यांची बरीच झाडे माती न तपासता रोज घातलेल्या पाण्याने मुळे कुजून मरतात. माती ओली असेल तर पाणी थांबवा आणि निचऱ्याची भोके मोकळी करा. झाड घरात ठेवले असेल, तर ते आधी सकाळच्या उन्हात न्या. ज्युनिपर मेल्यावरही काही आठवडे हिरवे दिसते. म्हणून साल नखाने किंचित खरवडा, आत ओलसर हिरवा थर दिसला तर ती फांदी जिवंत आहे.