आर्टमाने यांचं घर अभिनयापायी गेलं नाही

नाशिकच्या वडिलांना,

मुलगा लात्व्हियाच्या राजधानीत, रिगामध्ये, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिथली नाटकं पाहून 'मला नट व्हायचंय' असं त्यानं फोनवर सांगितलं आणि तेव्हापासून तुम्ही त्याच्याशी बोललेला नाहीत. निरोप आईमार्फत जातात. लात्व्हियाच्या थोर अभिनेत्री व्हिया आर्टमाने यांच्या म्हातारपणीच्या हालांबद्दल तुम्ही कुठेतरी वाचलंत, आणि ते सांगून मी त्याला ताळ्यावर आणावं अशी तुमची विनंती आहे.

ती मी मान्य करणार नाही. मुलगा सगळ्या विषयांत पास होतोय. मला काळजी वाटते ती तुमच्या अबोल्याची. परक्या देशात, अंधाऱ्या लांब हिवाळ्यात एकटा राहणारा मुलगा मनातलं पहिल्यांदा बोलला, आणि बापानं फोनच बंद केला. यातून तो एवढंच शिकेल की घरी खरं सांगायचं नसतं. रिगाला जायचं की नाही, हे त्याला कुणी विचारलं होतं का? तुमच्या चार पानी पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही.

आता आर्टमाने. त्यांच्या जन्माआधीच वडील गेले, लहानपणी त्यांनी गुरं राखली. महायुद्धानंतर रिगाच्या दाइलेस थिएटरच्या स्टुडिओत दिग्दर्शक एडुआर्ड्स स्मिल्गिस यांच्या हाताखाली त्या घडल्या, १९४९ मध्ये त्याच थिएटरात रुजू झाल्या आणि जवळपास पाच दशकं तिथेच राहिल्या. सिनेमामुळे त्यांचं नाव साऱ्या सोव्हिएत संघात पोचलं, १९६९ मध्ये 'लोककलावंत' हा तिथला सर्वोच्च किताब मिळाला, तरी रंगभूमी सुटली नाही. तिकडे मोठ्या नाट्यगृहांचा स्वतःचा पगारी नटसंच असतो. नाटक ही नोकरी, सिनेमा तिच्या जोडीला. उतारवयात रिगातलं घर सुटून त्यांना शहराबाहेर मुर्यानीच्या उन्हाळी घरात राहावं लागलं, हे खरं. पण कारण वेगळं होतं. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर सोव्हिएत राजवटीनं ताब्यात घेतलेल्या इमारती युद्धाआधीच्या मालकांना किंवा त्यांच्या वारसांना परत मिळू लागल्या, आणि आत राहणाऱ्या अनेक कुटुंबांवर घर सोडायची पाळी आली. त्या इमारतीत इंजिनिअर राहत असता, तर त्याचंही घर गेलं असतं. एका बाईचं दुःख मुलाला भीती घालायला वापरू नका.

खरी अडचण भाषेची आहे, आणि ती त्यालाही स्पष्ट सांगायला हवी. रिगाच्या मुख्य रंगभूमीवर लात्व्हियन बोलावी लागते, तीही जन्मापासून बोलणाऱ्यासारखी. दोन वर्षांत बाजारहाटापुरती भाषा येते, रंगमंचापुरती येत नाही. त्याची भाषा मराठी आहे; नट व्हायचं तर त्याला सर्वांत जवळचा रंगमंच मराठीच. पदवी मात्र आत्ता सोडू नये, शिक्षणकर्ज तुमच्या राहत्या घरावर आहे. त्यानंतर पुण्याचं ललित कला केंद्र किंवा दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहेच. प्रवेशाची माहिती त्याची तो काढेल.

'दोन वर्षांत सिनेमा मिळाला नाही तर परत नोकरी' ही तुमची अट आधी मागे घ्या. इतक्या घाईत नट घडत नाही.

आज रात्री त्याला स्वतः फोन करा. कोणती नाटकं पाहिली, काय आवडलं, ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. पुढचं पत्र त्याच्या हातचं हवं. त्याच्या करिअरबद्दल तुम्ही लिहिलेल्या पत्राला मी यापुढे उत्तर देणार नाही.