विद्यापीठाच्या विधी कक्षात नवीन रुजू झालेल्यासाठी

नोटीस आली की पाकीट फेकू नकोस. त्यावरची आवक तारीख पुढे मुदत मोजायला लागते. दिवाणी दाव्यात समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं उत्तर. कोर्टाने मुभा दिलीच तर एकूण साधारण 90. माहिती अधिकाराच्या अर्जालाही 30 दिवस. विद्यार्थ्याने स्वतःची उत्तरपत्रिका मागितली तर टोलवाटोलवी करू नकोस, सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क 2011 मध्येच मान्य केलाय.

खरं काम म्हणजे परीक्षा विभागाकडून दाव्यातल्या किंवा याचिकेतल्या मुद्द्यांवर परिच्छेदनिहाय अभिप्राय काढणं. तो लेखीच घे. फोनवरच्या 'पाठवतो साहेब'ला काही अर्थ नसतो. रिट याचिका असेल तर मुंबईला उच्च न्यायालयात. पावसाळ्यात वाटेतल्या कसारा घाटाचा भरवसा धरू नकोस, शपथपत्र आदल्या दिवशीच वकिलांकडे पोचव. कुलसचिवांच्या सहीसाठी मात्र फाईल शिपायाकडे न देता स्वतः घेऊन जा.